अर्ध्या झोपेतला मोबाईल

मित्रांनो, माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे आणि माझ्या बटणांचा रंग उडाला आहे. तुमच्या नव्या मोबाईलशेजारी मला ठेवलं तर तुम्हाला हसू येईल. पण मी पाथर्डीकडचा जुना मोबाईल आहे आणि माझीही उमेदीची वर्षं होती.

माझा जन्म कुठे झाला ते मला धड आठवत नाही. आठवतं ते पाथर्डीतलं मेहताबभाईंचं दुकान. तिथून सूर्यभान आणि बायडाबाई या नवराबायकोने मला घरी नेलं. दिवाळी झाली की दोघं ऊसतोडीला जात आणि त्यांची मुलगी धनश्री वसतिगृहात राहून शिके. लेकीचा आवाज कानावर पडावा म्हणूनच त्यांनी मला घेतलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी धनश्रीने आईला जवळ बसवलं. माझा उजेड कमी केला, इंटरनेट बंद केलं आणि बॅटरी वाचवण्याची हिरव्या पानाची खूण दाखवली.

"आई, हे पान दाबलं का ह्यो कमी बॅटरी खातो. काम झालं की काच काळी करायची. फोन आला तर वाजतोच."

"म्हंजे मरत न्हाई ना?"

"न्हाई गं. अर्धा झोपतो."

उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोप्यांत, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या झोपड्यांत, ऊसतोड मजुरांची टोळी राहायची. तिथे वीज नव्हती. जवळच्या किराणा दुकानात मला चार्जिंगला लावत. बाकीचे मोबाईल गाणी वाजवून दुपारीच गार पडत. मी मात्र टिकायचो. म्हणून टोळीतल्या बायका लेकरांशी बोलायला बायडाबाईकडे येत. कुणी 'जेवलास का' एवढंच विचारून मला पदराने पुसून परत देई. तेवढ्या कौतुकानेही माझं मन भरून येई.

माझ्यात धनश्रीच्या गॅदरिंगमधल्या नाचाचा व्हिडिओ होता. रोज भाकरी झाली की बायडाबाई तो बघायची. त्यात बरीच बॅटरी जाई, पण ती वाया गेली असं मला कधी वाटलं नाही.

एके सकाळी दुकानाजवळची विजेची डीपी जळाली आणि आसपासची सगळी वीज गेली. त्याच दिवशी टोळीतल्या छबूबाईसाठी तिच्या भावाचा, हनुमंतचा फोन आला. तिचा मुलगा ओम गावी त्याच्याकडे असायचा. ओमचा ताप उतरत नव्हता आणि त्याला नगरच्या दवाखान्यात नेत होते. छबूबाईचा नवरा तडक निघाला. तिच्या कडेवर तान्हं मूल होतं, त्यामुळे ती मागे राहिली.

"अक्का, फोन चालू ऱ्हाईल का गं?" तिने बायडाबाईला विचारलं.

"ऱ्हाईल. मी त्याला हातच लावीत न्हाई."

बायडाबाईने मला पिशवीत घालून कमरेला खोचलं आणि फडात नेलं. संध्याकाळी सवयीने तिने मला हातात घेतलं. अंगठा नाचाच्या व्हिडिओवर जाऊन थांबला. मग तिने काच काळी केली.

"बघ की थोडा," सूर्यभान म्हणाला.

"धनू बरी हाय. छबूचं लेकरू कसं हाय ते आधी कळू दे."

दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी वाजलो, तेव्हा माझ्या बॅटरीची खूण लाल झाली होती. छबूबाई कोयता टाकून धावली. पलीकडून ओमचा बारीक आवाज आला, "आई, मी पेज खाल्ली. तू कवा येती?"

तिने मला कानाशी घट्ट धरलं. "येते," एवढंच ती म्हणाली आणि मी बंद पडलो. दोघी सरीतच बसून रडल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची दुपार होती.

पुढे सूर्यभान-बायडाबाईंनी ऊसतोड सोडली. घरात नवा मोबाईल आला आणि मी फडताळात गेलो. कित्येक महिने मला कुणी चार्ज केलं नाही. माझी बॅटरी फुगली. लोक आपल्याला विसरले याचं दुःख मला तिथे कळलं. यंदा छबूबाई टोळीबरोबर निघाली तेव्हा बायडाबाईला माझी आठवण झाली. तिने मेहताबभाईंकडून नवी बॅटरी घालून घेतली आणि मला छबूबाईच्या हातात दिलं.

"जपून वापर गं," एवढंच ती म्हणाली.

मित्रांनो, माझंही तुम्हाला तेच सांगणं आहे. बघून झालं की काच काळी करा, उजेड बेताचा ठेवा, आम्हाला पार रिकामे होईपर्यंत दामटू नका. खेळ उद्याही खेळता येईल. पण घरच्या माणसाचा फोन येईल तेव्हा आमच्यात वाजण्याएवढा तरी जीव राहू द्या.