डाव्या हाताचा सलाम

कापलेल्या धानाचा गंध गावभर दाटलेला असताना मोठ्या बाबांच्या ओसरीतून मात्र बूटपॉलिशचा उग्र वास येत असतो. माझे हे थोरले चुलते ऐन तारुण्यात सीमेवरच्या लढाईत होते. तिथल्या गोठलेल्या, रिकाम्या प्रहरांत त्यांनी झिजलेल्या बुटांच्या रबरी तळांवर ब्लेडने चित्रं कोरली आणि पॉलिश फासून ती कागदावर उमटवली: लोखंडी टोपात चहा घेणारा सुभेदार, अर्धीच मिशी कापून खंदकात दडलेला न्हावी, पळी उगारून कोंबडीमागे धावणारा लंगरचा आचारी, सलामीला उभी पलटण. मरण उशाशी होतं, म्हणूनच बहुधा इतकं हसू सुचलं. ते सारे ठसे ट्रंकेत घालून त्यांनी साकोलीकडच्या आमच्या गावी आणले.

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा भरते, घरोघर पाहुणे येतात. त्या दिवशी ताजे छाप काढून मोठे बाबा ते अंगणातल्या दोरीवर टांगतात. ठसा उलटा कोरायचा असतो हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांची अख्खी पलटण डाव्या हाताने सलाम ठोकते. ही चूक पहिल्यांदा हेरली चित्रातल्या त्या आचाऱ्याने. पुढे दर मंडईला मोठे बाबा त्याला दूर पहाडातल्या त्याच्या गावी फोन लावत. "अब भी बाएँ हाथ से सलाम ठोकता है क्या?" एवढंच तो विचारी, आणि दोघे म्हातारे धाप लागेपर्यंत हसत. एरवी मोठे बाबा वर्षभर गरजेपुरतं बोलत.

यंदा दसऱ्यानंतर आचाऱ्याच्या मुलाचा फोन आला. बाप गेला होता. मला वाटलं, मंडईला दोरी रिकामीच राहील. पण मोठ्या बाबांनी छाप काढले, चिमटे लावले आणि ऊन उतरेपर्यंत खुर्ची टाकून बसले. पाहुणे पोट धरून हसले. गावातला एक जावई म्हणाला, "मोठे बाबा, सलाम उलटा होऊन रायला जी. मोबाईलवर सरळ करून देऊ का?"

"नोको बापू. राहू दे."

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बाई, ह्या लोकायले कायले हसू येऊन रायलं, मले समजून नाही रायलं."

दुःख एकट्याने सांभाळता येतं, काळ त्याला हातभारही लावतो. विनोद जपायला मात्र दुसरा माणूस लागतो, आणि तो गेला की उरलेला हसणाऱ्यांच्या गर्दीत एकटाच बसून राहतो.