थोडक्यात सांगायचं तर

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत. इतर लोक संध्याकाळी आज किती कोड लिहिला ते सांगायचे. ही आज किती काढून टाकला ते सांगायची, आणि तेही अशा थाटात, जणू एखादं जुनं लोखंडी कपाट एकटीने जिना उतरवून आली आहे. ‘जी ओळ लिहिलीच नाही ती बिघडत नाही,’ हे ती प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायची. नवा माणूस मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवसापासून ढीगभर ओळी लिहायला बसायचा.

कंपनी लहानशी होती. नजर अधू झालेल्यांसाठी ते एक अ‍ॅप बनवत. आलेला मेसेज असो, बातमी असो, औषधाच्या बाटलीवरची सूचना असो, फोन ते मोठ्याने वाचून दाखवायचा. काम साधं, पण कात्रीने ते इतकं घासूनपुसून ठेवलं होतं की जुन्यातल्या जुन्या फोनवरही ते अडखळत नसे.

साध्या कामाचा गाजावाजा होत नाही, ही मात्र अडचण होती. गाजावाजा करण्याचं खातं वाऱ्याकडे होतं. वारा म्हणजे विक्री सांभाळणारा तिचा सहकारी. बाहेर ज्या गोष्टीचं वारं सुटेल ती तो ऑफिसात घेऊन यायचा, म्हणून हे नाव. मागे एकदा त्याला प्रत्येक स्क्रीनच्या कोपऱ्यात गप्पा मारणारी खिडकी हवी होती. नंतर वापरणाऱ्यांना बक्षीस म्हणून चांदण्या द्यायच्या होत्या. ‘ज्यांना दिसत नाही त्यांना चांदण्या?’ असं कात्रीने विचारल्यावर तो स्वतःच खो खो हसला होता. त्याचं हेच तिला आवडायचं. डोक्यात वारं शिरायचं तसं निघूनही जायचं.

या खेपेला मात्र त्याची कल्पना तिलाही पटली.

“वाचून दाखवणं आता जुनं झालं,” तो म्हणाला. “आता समजावून सांगायचं. पानभर मजकूर ऐकायला वेळ कोणाला आहे? दोन वाक्यांत सार द्यायचं, गोड आवाजात.”

पाल्हाळ कापायचं म्हणजे तिच्याच स्वभावाचं काम. तिने ते मनापासून केलं, आणि चांगलं केलं. सार काढणारं मॉडेल तिने इतकं हलकं केलं की मजकूर आला रे आला की सार तयार. कोणाला काही दाबायला नको, विचारायला नको. अपडेट घेतलं की सगळं आपोआप सुरू. सगळ्यांना देण्याआधी तिने ते घरी सासूबाईंच्या फोनवर घातलं.

सासूबाई आयुष्यभर रेडिओवर बातम्या वाचत आलेल्या. आता त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. समोर बघितलं की माणसाचे कान दिसायचे, तोंड दिसायचं नाही. पण आवाज अजून खणखणीत होता, आणि कान तर त्याहून तिखट.

सुरुवातीला त्या खूश होत्या. “विजेचं बिल एका दमात सांगितलंन बघ. नाहीतर आपलाच पत्ता आपल्याला ऐकवत बसायचं!” कात्रीने हे दुसऱ्या दिवशी ऑफिसात जसंच्या तसं सांगितलं. वाऱ्याने ते लगेच जाहिरातीसाठी लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात ती कामावरून घरी आली तर सासूबाई जेवणाच्या टेबलाशी नुसत्या बसलेल्या. फोन पालथा ठेवलेला.

“काय झालं आई?”

“अगं, आमचा तो बिघडलाय.”

“फोन?”

“फोन नव्हे गं. माझा मित्र.”

हा मित्र म्हणजे रेडिओवरचा त्यांचा ध्वनिमुद्रक. सासूबाई बातम्या वाचायच्या तेव्हा हा काचेपलीकडे बसून तोंडं वेडीवाकडी करायचा, आणि त्या हसू दाबून मंत्रिमंडळाचे निर्णय वाचायच्या. निवृत्तीनंतर तो रोज सकाळी एक विनोद लिहून पाठवी.

“हल्ली विनोदच पाठवत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “नुसते निरोप. आज काय तर म्हणे कोणीतरी चष्मा परत केला. केला असेल! मला काय त्याचं? मी आपलं काळजीने विचारलं, तब्येत बरी आहे ना रे? तर चिडला माझ्यावर. म्हणाला, तुझ्यातलं हसूच गेलंय.”

कात्रीने फोन सरळ केला आणि तो मेसेज लावला. गोड आवाज म्हणाला, “एका ग्राहकाने दुकानात चष्मा परत केला. संदेशाचा सूर विनोदी आहे.”



मग कात्रीने स्क्रीनवरचा मूळ मजकूर स्वतः वाचला. “एक माणूस नवा चष्मा घेऊन गेला, तो दोन दिवसांनी परत दुकानात. म्हणाला, हा परत घ्या. दुकानदार म्हणाला, का हो, नीट दिसत नाही? तो म्हणाला, दिसतं हो, सगळं दिसतं! दोन दिवस झाले, नुसती जळमटं काढतोय!”

सासूबाई इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसावे लागले. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, “आणि या फोनमधल्या बाईच्या हिशेबाने मी हसायचं कुठे? ‘सूर विनोदी आहे’, इथे?”

आता कात्रीलाही हसू आवरेना. पण सासूबाई पुढे बोलल्या ते तिने नीट ऐकून घेतलं.

“आमच्याकडे संपादक बातमी कापायचा. पण कापलंय हे मला ठाऊक असायचं. कागदावर त्याची तांबडी रेघ असायची. ही बाई कापते आणि बोलत नाही. मला वाटलं, तो एवढंच लिहितोय. विनाकारण एका जुन्या माणसाला दुखावलं मी.”

कात्रीला वाईट वाटलं, पण ती खचली नाही. चूक कुठे आहे हे समजलं की तिचे हात शिवशिवायला लागत. सार काढणं चुकलं नव्हतं. न विचारता काढणं चुकलं होतं. ते आपोआप सुरू करणारा भाग तिने स्वतः लिहिला होता, त्यामुळे तो कुठे आहे हे शोधायचीही गरज नव्हती.

सकाळी तिने वाऱ्याला काचेच्या खोलीत गाठलं. दुपारी गुंतवणूकदारांसमोर डेमो होता आणि तो आरशात बघावं तसं काचेत बघून भाषण घोकत होता.

“आपोआप सार देणं काढून टाकतेय,” ती म्हणाली.

“आज? अगं, इतके दिवस घातलेस तू त्यात!”

“मीच घातले, मीच काढते.”

“लोकांना वेळ नसतो, हे आपलं ठरलंय ना?”

कात्रीने घरी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. “आई, आमचे हे साहेब म्हणतात, लोकांना वेळ नसतो.”

“मला वेळच वेळ आहे,” खणखणीत आवाज आला. “नसेल तेव्हा मी सांगेन की. तोंड आहे मला.”

वारा कपाळ चोळू लागला. मग म्हणाला, “मग सांगू देत ना त्यांना! ‘थोडक्यात’ असं म्हटलं की सार, नाहीतर पूर्ण मजकूर. आणि कापलं असेल तर आधी सांगायचं, की हे कापलेलं आहे.”

“शाबास,” कात्री म्हणाली. हे आपल्याला का सुचलं नाही, असं तिला वाटलं, आणि ते तिने त्याला बोलूनही दाखवलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बदल होऊन, तपासून तयार होता.

डेमोत वाऱ्याने आपलं घोकलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि चष्म्याचा विनोदच लावला, आधी सार, मग पूर्ण. मंडळी विनोदाला हसली, पण त्याहून जास्त साराला हसली. सुटाबुटातल्या एका बाईंनी विचारलं, “पण इतर कंपन्या तर सगळं आपोआप करतात?” कात्री म्हणाली, “करू देत. आमच्याकडे ऐकणारा माणूस स्वतः ठरवतो.” बाईंनी ते वहीत टिपून घेतलं.

अपडेट बाहेर पडलं. ‘सगळं आपोआप का नाही?’ अशा काही तक्रारी आल्याच. प्रत्येकीला कात्रीने स्वतः उत्तर दिलं. पुष्कळ जण बिलांना आणि बातम्यांना ‘थोडक्यात’ म्हणू लागले. घरच्यांच्या मेसेजला मात्र असं म्हणणारे फारच थोडे निघाले.

सासूबाईंनी मित्राला फोन करून सगळा घोटाळा सांगितला. त्याचा राग गेला, आणि त्या घोटाळ्यावर त्याने सहा नवे विनोद रचले. ते ऐकताना सासूबाईंच्या कपाळाला पुन्हा आठी पडली.

“आता काय झालं?” कात्रीने विचारलं.

“शेवटच्या वाक्याआधी थांबत नाही ही. धाडकन वाचून मोकळी होते. श्वास घ्यायचा असतो तिथे. ऐक.” आणि त्यांनी तेच वाक्य स्वतः म्हणून दाखवलं, मध्ये किंचित थांबून. कात्री विनोद आधी ऐकूनही फस्सकन हसली.

तिने लॅपटॉप ओढून घेतला. कुठे थांबायचं हे यंत्राला शिकवायला महिना तरी लागेल, असं तिने प्रामाणिकपणे सांगितलं.

“लागू दे की,” सासूबाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे सरकवून बसल्या. “लाव पुन्हा पहिल्यापासून. मी हात वर केला की थांबव.”