पाइपकडून पहिली बाटली

सासूबाई तीन आठवड्यांसाठी बहिणीकडे निघाल्या, तेव्हा त्यांनी घड्याळजी जावयाच्या हाती तळघराची किल्ली, सासरे आणि सफरचंदाच्या रसाचे दोन बुधले सोपवले. जबाबदारी याच क्रमाने वाढत जाते, हे त्यांनी सांगितलं नाही, पण सासऱ्यांनासुद्धा ते कळलं.

बुधले काचेचे, कमरेइतके उंच. प्रत्येकाच्या तोंडाला पाणी भरलेली वाकडी नळी. आतला रस आंबत होता आणि त्याचा वायू नळीतून एकेक बुडबुडा सोडत बाहेर पडत होता. महिन्याभरात त्याची सायडर व्हायची. सासूबाई तीस वर्षं ती करत होत्या आणि तीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कोणाला बुधल्याला हात लावू दिला नव्हता. पण बहिणीचा गुडघा ऐन हंगामात बदलायला निघाला, आणि गुडघ्यापुढे कोणाचं काय चालणार.

"बुडबुडे थांबले की बाटल्यांत भरा," त्या म्हणाल्या. "नीट पार पडलं, तर माडीवरची खोली तुमची. नाही पडलं, तर तिथे माझ्या बरण्या जातील. कळलं ना, जावईबापू?"

जावईबापूंना फारच कळलं. लग्न होऊन घरजावई झाल्यापासून ते स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करत होते. उरलेल्या टेबलावर सफरचंदं सोलली जायची, शिजायची, चाळणीतून उतरायची आणि आटून आटून त्यांचं बटर व्हायचं. बटर म्हणजे नुसतं नावाला. लोण्याचा त्यात थेंब नसतो. फळाचा गर चार-पाच तास ढवळून इतका घट्ट करायचा की तो पावावर आपला आपण बसला पाहिजे. गेल्या हंगामात एका गिऱ्हाइकाला भेट म्हणून प्लमच्या बटरची बरणी दिली, तर त्यात सेकंदकाटा निघाला. तो त्याच गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा होता, एवढाच काय तो दिलासा. माडीवरच्या खोलीला मात्र मोठी खिडकी होती, दिवसभर सारखा उजेड होता आणि चिरायला एकही फळ नव्हतं. जावई झोपेतसुद्धा त्या खोलीत टेबल लावून पाहायचे.

म्हणून त्यांनी काम मन लावून केलं. इतरांनी बुडबुड्यांकडे पाहिलं असतं; त्यांनी ते मोजले. सोमवारी मिनिटाला अकरा. मंगळवारी सात. बुधवारी हवा एकदम गार झाली आणि बुडबुडे दोनवर आले. गुरुवारी ते स्टूल टाकून, हातात थांबघड्याळ धरून चाळीस मिनिटं बुधल्यासमोर बसले. एकही बुडबुडा नाही. घड्याळ खोटं बोलत नाही, यावर त्यांचं पोट चालत होतं. त्यांनी बेचाळीस बाटल्या भरल्या, पत्र्याची बुचं दाबून बसवली, बाटल्या फळ्यांवर एका रेषेत मांडल्या आणि संध्याकाळी बायकोला सांगितलं की तीस वर्षं या कामाचा उगाच बाऊ केला गेला.

रस खरं तर थंडीने गारठून झोपला होता. त्याच थंडीने सासरेही गारठले आणि त्यांनी पाणी तापवायचा बंब दिवसरात्र चालू ठेवला. ते त्यांच्या अधिकारात होतं, कारण त्यांना दुसरा कुठलाच अधिकार नव्हता.

सासूबाई परतायच्या त्या दिवशी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी खालून ठप्प असा आवाज आला. सासऱ्यांना ऐकू कमी यायचं. त्यांना वाटलं दार वाजलं. ते खुर्चीतून उठले, दार उघडलं, बाहेर कोणी नव्हतं, परत येऊन बसले. नऊ मिनिटांनी पुन्हा ठप्प. पुन्हा उठले. पाचव्या खेपेला ते रिकाम्या रस्त्याला म्हणाले की काम असेल तर थांबावं, नसेल तर वाजवू नये.

जावई तळघराच्या दाराशी उभे होते. दाराखालून फेस येत होता आणि त्यांच्या पायाखालची जमीन चिकट होत चालली होती.

सुदैवाने बायको घरी होती. ती अग्निशामक दलात होती आणि त्या दिवशी तिची सुट्टी होती. कामावरचं शिरस्त्राण घालून ती जिना उतरली आणि सवयीने विचारलं, "आत कोणी अडकलंय?"

"खोली," जावई म्हणाले.

तिने त्यांना बाजूला सारलं. स्फोट थांबल्याशिवाय आत जायचं नाही, हा नियम तिने नवऱ्यालाही लागू केला. जावयांना हातावर हात धरून बसता येईना. त्यांनी दुरुस्तीची वही काढली आणि आधीच्या आवाजांसकट प्रत्येकाची वेळ लिहायला सुरुवात केली. दहावी बाटली फुटल्यावर अर्धा तास शांतता झाली. मग दोघं आत गेले, ती शिरस्त्राण आणि हातमोजे घालून, ते छातीला दोन उशा आणि डोक्याला कढई बांधून. फळ्यांवर ओल्या चादरी टाकल्या, बाटल्यांवर गार पाणी ओतलं आणि चादरीखाली हात घालून एकेक बूच हलकेच उचकटलं. बाटल्यांचा फुसफुसाट होत होता. बायको प्रत्येकीला "शाब्बास" म्हणत होती, तेही कामावरच्याच सवयीने. उरलेल्या बत्तीस बाटल्या पुन्हा बुधल्यांत रिकाम्या झाल्या. कोणती बाटली कुठे उभी असताना फुटली, तेही जावयांनी काचा आणि त्यांवरचा फेस किती वाळला ते बघून वहीत भरलं. हाती घेतलेली नोंद अर्धवट सोडणं त्यांना जमायचं नाही, मग ती स्वतःविरुद्धची का असेना.

वरून पुन्हा ठप्प ऐकू आलं. सासरे अकराव्यांदा उठले, दार उघडलं, आणि या वेळी खरंच कोणीतरी होतं. सासूबाई आधीच्या बसने आल्या होत्या.

"तूच वाजवत होतीस का सकाळपासून?" सासऱ्यांनी विचारलं.

त्या वास घेत घेत तळघरात उतरल्या. समोर ओली मुलगी, काचांचा ढीग आणि डोक्याला कढई बांधलेला जावई. मागून सासरे जावयाला खुणेने सुचवत होते की फळी पडली असं सांग. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी फळीवर बरंच काही ढकललं होतं.

जावयांनी कढई काढली. "फळी शाबूत आहे, आई. बुडबुडे थांबले म्हणून मी भरल्या. दहा गेल्या."

सासूबाईंनी बुधल्यात डाव बुडवला, घोट घेतला आणि तोंडात घोळवला. "गोड आहे अजून. साखर उरली होती, तीच बाटलीत आंबली. चाखलं नाहीत?"

"तुम्ही बुडबुडे म्हणालात."

सासूबाई स्वतः रोज चाखायच्या. पण तोंडाची सवय ती, सांगायचं सुचलंच नव्हतं. हे कबूल करण्याऐवजी त्यांनी जावयाच्या हातातली वही ओढून घेतली. एक, उजवी मधली फळी, पाइपकडून पहिली, अकरा चार. दोन, तीच फळी, पाइपकडून दुसरी, अकरा तेरा. अशा दहाच्या दहा, रांगेने, शिस्तीत. दुसऱ्या फळीवर साधा तडाही नाही.

त्यांनी उजव्या फळीमागच्या भिंतीला हात लावला आणि लगेच काढून घेतला. फळीच्या टोकाशी भिंतीत शिरलेला बंबाचा गरम पाइप तिथूनच गेला होता.

त्या फळीवर एरवी बटरच्या बरण्या असायच्या. दर वर्षी त्यांतल्या पाच-सहा बरण्यांची झाकणं फुगून बटर आंबायचं. दर वर्षी सासूबाई खटला चालवायच्या आणि बोट घातल्याच्या आरोपावरून सासऱ्यांना महिनाभर कोरडा पाव खायला लागायचा. हे अकरा वर्षं चालू होतं.

"म्हणजे मी निर्दोष," सासरे म्हणाले.

"पाइप कोणी बसवायला लावला?"

सासरे जिन्यावर बसले. थोड्या वेळाने, बहुधा निर्दोषपणाचं ओझं न पेलवून, त्यांनी सांगितलं की त्यातल्या दोन बरण्यांत बोट त्यांचंच होतं.

सासूबाईंचं लक्ष नव्हतं. बरण्या आता गार जागी हलवायला हव्यात, असं त्या मनाशी बोलत होत्या, आणि घरातली सगळ्यात गार खोली माडीवरची, उजेड असला तरी तिला थेट ऊन लागत नाही. जावयांनी वहीकडे पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि इथे तर ते वहीत वेळेसकट लिहून दिलं होतं.

"पण नुसत्या ठेवून भागत नाही," त्या पुढे म्हणाल्या. "रोज कोणीतरी बघायला पाहिजे. कोणती फुगली, कुठली, किती वाजता. असं लिहिणारं माणूस या घरात दुसरं नाही. तुमचं टेबल खिडकीशी लावा. तीन भिंती माझ्या."

रविवारी टेबल चढलं. त्यामागून एकशे चार बरण्या चढल्या. जावई डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात शिरले असताना दार न वाजवता सासूबाई आत आल्या आणि घड्याळाच्या जागी बशी सरकवली. बशीत चमचाभर गरम पेअरचं बटर होतं. झालं असेल तर गर नुसता बसून राहतो. कच्चा असेल तर त्याच्याभोवती पाण्याची कडा सुटते.

"मला तर झालेलं वाटतंय," त्या म्हणाल्या.

जावई भिंगातून बराच वेळ पाहत राहिले. उजव्या अंगाला केसाएवढी ओल होती. मग त्यांनी बोट लावून चाखलं. "अजून दहा मिनिटं लागतील, आई."

सासूबाईंनी बशी उचलली, स्वतः एकदा चाखून पाहिलं आणि पुन्हा ढवळायला खाली गेल्या.