मागनं येतीया

झाकणाला सुईनं पाडलेलं भोक — एवढंसं, उजेडात धरलं तरच दिसणारं — आणि त्यातून तेलाचा थेंबच पडतो, धार लागत नाही. हे राजशेखरला कळलं तेव्हा त्यानं झाकणच काढून पहिल्या लिंगावर निम्मी बाटली ओतून टाकली होती. खोकल्याच्या औषधाची बाटली ती. ग्रामदैवत सिद्धरामानं गावभर मांडलेली अडुसष्ट लिंगं त्याची बायको सुंदरम्मा दर श्रावणात एवढ्या तेलात करून यायची, अनवाणी, आणि हा दुकानाच्या गादीवरून म्हणायचा, पायाला चाकं लावून घे की... चैत्रात ती गेली. आणि आता हा बाटली घेऊन गल्ल्या हुडकतोय. घ्या.

जन्म शुक्रवार पेठेत गेला, पण गाव म्हणजे घर ते दुकान, दुकान ते घर. पिठाच्या गिरणीमागं एक लिंग आहे, पंक्चरवाल्याच्या टायरांआड एक आहे, हे कुणाला ठाऊक? तिला ठाऊक होतं. काव्या म्हणाली होती, “अप्पा, तेल राहू दे, पण तितल्या बायकांना तेवढं सांगून या. वाट बघत असतील.” लेकीचं बरोबर होतं. सांगायलाच तर तो निघाला होता.

बेल विकणाऱ्या मायाक्कानं त्याच्या तोंडाआधी बाटली बघितली.

“बाटली वळखली की. अव्वा कुटं हायत?”

शब्द तयार होता: गेली. पेपरात ‘लिंगैक्य’ म्हणून छापला होता, बँकेत सांगितला होता, गॅसवाल्याला सांगितला होता, कुठंच जीभ अडली नव्हती — आणि इथं, बेलाच्या पाटीसमोर, तोंडातून आलं, “मागनं येतीया.”

“गुडघा धरला आसंल,” मायाक्का म्हणाली आणि तिनं दोघांचा बेल बांधून दिला.

गुडघा? तिचा गुडघा दुखायचा? एका घरात जन्म काढला, आणि मला हे बेलवाली सांगते... त्याला रडू आलं नाही, रागच आला, कुणाचा ते कळेना.

एकदा म्हटलं की म्हणतच जावं लागतं. पुढच्या गल्लीत उंबऱ्यावर विड्या वळणारी बाई म्हणाली, अव्वा आली की आमी लई हसतो. घरात ती तोंडावर पदर धरून हसायची. इथं कशी हसत होती? विचारावं तर “मागनं येतीया” म्हणणाऱ्या नवऱ्यानं असलं काय विचारायचं? तो नुसता चालत राहिला, उन्हानं तापलेल्या फरशांवर पाय उचलत, प्रत्येक दारात तेच खोटं ठेवत. खोटं तरी कसलं — घरात ती संपली होती, खुंटीवरचं लुगडंसुद्धा काव्यानं देऊन टाकलं होतं. या गल्ल्यांतून मात्र ती अजून यायची होती. एका शब्दानं तेही संपलं असतं. भ्याला तो, सरळ सांगायचं तर भ्याला.

बोळाच्या टोकाला भुवनेश्वरीबाईंचं घर, आणि घराच्या भिंतीतच कोनाड्यात लिंग. राजशेखरनं बाटली उपडी धरली. बऱ्याच वेळानं एक थेंब पडला. बाईंनी त्याला दारातल्या बाकड्यावर बसवलं, दोन कप चहा आणला, एक त्याच्या हातात दिला आणि दुसऱ्यावर बशी झाकली.

“ती दरवर्षी हितंच बसती. येऊ दे सावकाश,” त्या म्हणाल्या. “गेल्या वर्षी म्हणाली, मालकास्नी एकदा आणती म्हणून. आणलं की शेवटी.”

 कधी म्हणाली होती ती, चल म्हणून? म्हणाली असेल... गिऱ्हाईक असेल समोर, मापात असेल लक्ष, हूं केलं असेल मी.

आता सांगायलाच हवं होतं. बशीखालचा चहा निवायच्या आत. म्हातारी उंबऱ्यात उभी राहून बोळाच्या वळणाकडं बघत होती, आणि तोंड उघडायच्या ऐवजी राजशेखरही तिकडंच बघू लागला. एक सायकल आली, गेली. एक शेळी आली. बाकड्यावर तो जरासा सरकला, एका माणसापुरता, आणि इतका उशीर का लावते ही, असं त्याला अगदी खरोखर, चिडून, वाटलं.