शेजाऱ्याची काच

फोटोंना चौकटी करून देणं हा माझा धंदा. लग्नाचा फोटो असला तर गिऱ्हाईक घासाघीस करतं, गेलेल्या माणसाचा असला तर करत नाही, एवढाच काय तो फरक. फोटोखाली नाव आणि तारीख मीच घालतो, कारण माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत त्या अक्षराचं फार कौतुक व्हायचं. पुढे त्याचा उपयोग झाला तो मेलेल्यांना.

आमच्या गावाच्या उत्तरेला कोळशाची उघडी खाण आहे. रोज दुपारी भोंगा होतो आणि थोड्या वेळाने सुरुंग उडतात. भोंगा झाला की गावातला प्रत्येक माणूस काहीतरी धरून उभा राहतो. बायका फडताळ धरतात, न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलतो, मी भिंतीला टेकवलेल्या काचा दोन्ही हातांनी दाबून धरतो. जमीन हलते, छतातून माती पडते, मग जो तो आपापल्या कामाला लागतो. परगावचा माणूस असला तर दचकतो आणि आम्ही त्याला हसतो. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

ही खाण वाढवायची, अगदी गावाच्या ओढ्यापर्यंत आणायची, असं ठरत होतं. त्यावरून गावाची सरळ दोन शकलं झाली. ठेकेदार म्हणायचा, खाण वाढली तर पोरांना काम मिळेल, नाहीतर गावात म्हातारे आणि कुत्री तेवढी उरतील. निवृत्त मास्तर म्हणायचे, खाण वाढली तर म्हातारे आणि कुत्रीही उरणार नाहीत. दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण मिटत नव्हतं. सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात पाय ठेवेनासे झाले.

मग सरकारकडून सर्वेवाली बाई आली. वयाने लहान, उन्हाने रापलेली, कामाला चोख. भिंतीला तडा असेल तिथे ती त्याच्यावर आडवी काचेची पट्टी प्लॅस्टरने चिकटवायची आणि पट्टीवर तारीख घालायची. सभागृहात सगळ्यांना बसवून तिने समजावून सांगितलं. तडा जरा जरी हलला तरी पट्टी फुटणार. पट्ट्या फुटलेल्या निघाल्या, तर सुरुंगांचा धक्का गावापर्यंत पोचतो हे ठरेल आणि खाण वाढवायला परवानगी मिळणार नाही.

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

"पण ज्या घरातली पट्टी फुटेल, ते घर धोक्याचं धरलं जाईल," बाई म्हणाली. "आठवड्याच्या आत ते रिकामं करावं लागेल. पलीकडच्या माळावर पत्र्याच्या खोल्या बांधल्या आहेत, तिथे सोय होईल. मला हा नियम पटत नाही, पण नियम तो आहे."

मास्तरांचे हात खाली आले. ठेकेदाराच्या बाजूच्या लोकांना तर पट्ट्या शाबूत हव्याच होत्या. विरोधकांची मात्र त्या दिवसापासून मनोमन एकच इच्छा झाली. काच फुटावी, पण शेजाऱ्याची.

काचा फुटायला वेळ लागला नाही. मला ते कळलं, कारण गावात काचेचं दुकान माझं एकट्याचं. दुपारी, सुरुंग उडून गेल्यावर, गाव जरा आडवं झालेलं असताना एकेक जण यायला लागला. पहिली आली गिरणीवाल्याची बायको.

"दोन बोटं रुंद, वीतभर लांब काच हवी होती. कंदिलाला."

"कंदिलाची काच गोल असते, वहिनी."

"आमचा कंदील वेगळा आहे," ती म्हणाली. मी काच मोजायला घेतली.

न्हाव्याला तेवढीच काच मुलीच्या शाळेतल्या कसल्याशा प्रयोगासाठी हवी होती. ठेकेदार काळा चष्मा लावून आला, जणू चष्म्यामुळे त्याचं पोट ओळखू येणार नव्हतं. आणि एका दुपारी मास्तर आले.

"मास्तर, तुम्हीसुद्धा?"

"माझी पट्टी घरातल्या पोराच्या चेंडूने फुटली," मास्तर माझ्या डोक्यावरून मागे बघत म्हणाले. "सुरुंगाने फुटली असती तर मी ती तशीच ठेवली असती. तत्त्वाचा प्रश्न आहे."

मास्तरांच्या घरात ते आणि त्यांची बायको, तिसरं माणूस नाही. मी काच कापून दिली. गंमत म्हणजे प्रत्येकाला वाटत होतं की हा उद्योग आपण एकटेच करतोय. घरोघरी मातीच्या चुली, पण आपल्या चुलीचा धूर कुणाला दिसत नाही, अशी प्रत्येकाची समजूत.

मग ताई आली.

ताई माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला तिनेच वाढवलं. तिचं घर गावाच्या उत्तर टोकाला, खाणीकडून पहिलं. दाजींनी सगळं आयुष्य खाणीत काढलं आणि येताना छातीत भरून कोळसा आणला. चार पावलं टाकली तरी त्यांना धाप लागते, म्हणून ते खाटेवरच असतात. खाट भिंतीला लागून आहे आणि तडा नेमका त्याच भिंतीला. समोरच्या बाजूला चूल, तिकडे न्यावं तर धूर सोसत नाही. म्हणून भोंगा झाला की ताई काळी छत्री उघडून त्यांच्या डोक्यावर धरते. सुरुंग उडाले की त्या छत्रीवर माती टपटप पडते. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा दाजी म्हणाले होते, "बघा मेहुणे, आमचा थाट. राजे लोकांनाच असतं हे छत्र." ताई हसली नाही. मलाही हसता आलं नाही.

"माझी पट्टी फुटली," ताई म्हणाली. कंदील नाही, चेंडू नाही, सरळ बोलली. "तेवढीच दे कापून."

"फुटू दे की! माझ्याकडे राहायला या दोघं."

"तुझ्याकडे कुठे? वर एक खोली, तीही शिडीने. ह्यांना चढवणार कसं?"

"पाठीवर घेऊन."

"आणि उतरवणार कसं?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"पत्र्याखाली ते एक उन्हाळासुद्धा काढायचे नाहीत," ती म्हणाली.

"आणि ही भिंत पडली म्हणजे?"

"भिंत पडेल तेव्हा पडेल. उन्हाळा तर येणारच आहे ना?"

मी काच कापली. ताईने फुटलेल्या पट्टीचे तुकडे फडक्यातून आणले होते. ते पुढे करून म्हणाली, "तारीख पण तूच घाल. तुझं अक्षर चांगलं आहे." मी तारीख घातली. त्या दिवशी मला स्वतःचा, ताईचा, बाईच्या नियमाचा आणि सगळ्या गावाचा भयंकर राग आला. पण राग कुणावर काढायचा? तिच्यावर, जिने मला घास भरवले?

पट्ट्या तपासून निकाल सांगायच्या सभेला चार दिवस राहिले असताना ताईच्या भिंतीतून विटेएवढा तुकडा निघाला आणि छत्री फाडून दाजींच्या उशीवर पडला. दाजी तेवढ्यात पाणी प्यायला वाकले होते म्हणून वाचले. मी धावत गेलो तेव्हा ताई फाटलेली छत्री शिवत बसली होती. सुई ओवायला तिला दिसत नव्हतं, ती मी ओवून दिली. पट्टी पुन्हा फुटली होती आणि पुन्हा माझ्याकडची लागली. तेव्हाच मी ठरवलं, सभेत उभं राहायचं आणि सगळं सांगून टाकायचं. निदान खाण तरी थांबेल. ताईचं घर रिकामं करायला लागलं तर लागू दे, चिडून का होईना ती माझ्याकडे येईल, शिडीचं मग बघू. काही झालं तरी त्या भिंतीखाली नको.

सभेच्या दिवशी सगळं गाव लोटलं. बाईने घराघरांतून काढून आणलेल्या पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. बाजूला तिचे वरचे साहेब बसले होते, सारखा घाम पुसत.

"एकही फुटलेली नाही," बाई म्हणाली. तिने सभागृहाच्या भिंतीकडे पाहिलं. त्या भिंतीच्या तड्यात पोरं पेन्सिली खुपसून ठेवतात. "एकसुद्धा नाही?"

ठेकेदाराच्या बाजूने टाळ्या पडल्या. मास्तर चष्मा पुसत राहिले. मी उभा राहिलो.

"सगळ्या फुटल्यात," मी म्हणालो. "या पट्ट्या बाईंच्या नाहीत, माझ्या आहेत. घरोघर मी कापून दिल्यात. ठेकेदारालाही दिली आणि मास्तरांनाही दिली. अरे, बोला ना कुणीतरी! सगळ्यांनी मिळून सांगितलं तर कोण कुणाला हाकलणार आहे?"

दोन वर्षं ज्या गावाचं कशावरही एकमत होत नव्हतं, त्या गावाचं तेवढ्यात झालं. गिरणीवाला ओरडला, हा खोटं बोलतोय. न्हावी म्हणाला, याला कायम स्वतःला मोठं करून घ्यायचं असतं. मास्तर उठले. मला वाटलं, आता हे बोलतील, यांच्या जिभेवर निदान तत्त्व तरी आहे. मास्तर म्हणाले, "असल्या बेजबाबदार बोलण्याने आपल्या लढ्याचं नुकसान होतं," आणि खाली बसले. तेरी भी चूप, मेरी भी चूप.

"त्याच्या सख्ख्या बहिणीलाच विचारा की!" ठेकेदार म्हणाला.

ताई मागच्या रांगेत, दाराजवळ बसली होती. सगळ्या माना वळल्या. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "मी काच घेतली नाही."

आवाज अगदी साधा होता, मीठ संपलं म्हणून सांगावं तसा.

बाईने टेबलावरची एक पट्टी उचलून उजेडात धरली. ती ताईच्या घरची होती, मला लांबूनच ओळखू आली. "माझं अक्षर इतकं चांगलं नाही," ती हळूच म्हणाली. मग मला टेबलापाशी बोलावून कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. "तुम्ही म्हणता तसं असेल, तर ही तारीख इथे लिहा. अक्षर जुळून एका पट्टीचं सिद्ध झालं तरी मी बाकीच्या सगळ्या पुन्हा तपासायला लावीन. एवढं मला करता येतं."

तिला खरंच करायचं होतं. तिच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं, आणि तिच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. मी पेन उचललं. एवढंच करायचं होतं, रोज करतो तेच. तेवढ्यात भोंगा झाला.

ताई ताडकन उठली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, हात जोडले नाहीत, डोळ्यांनी विनवलं नाही. तिला त्या घटकेला मी, सभा, खाण, कशाचंच भान नव्हतं. दारात ठेवलेल्या चपला तशाच टाकून ती अनवाणी धावत सुटली, कारण घरी दाजी एकटे होते आणि छत्री धरायला कुणी नव्हतं.

मी तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिलो. मला पत्र्याची खोली दिसली, त्यात धापा टाकणारे दाजी दिसले आणि त्यांच्या डोक्यावर उगाचच छत्री धरून बसलेली ताई दिसली. मी खाली वाकलो आणि तारीख लिहिली. आकडे वाकडेतिकडे काढले, एक मोठा, एक लहान, ओळ उतरती. पहिलीतलं मूलही त्याहून बरं लिहील.

बाईने कागद पाहिला, पट्टी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "ठीक आहे," ती म्हणाली. कुणीतरी खो खो हसलं. त्या हशात दोन्ही बाजूंची माणसं होती.

मग सुरुंग उडाले. सभागृह हललं, आणि सवयीने सगळ्यांनी एकदम पुढची खुर्ची धरली. मास्तरांनी ठेकेदाराची धरली होती. टेबलावरच्या पट्ट्या किणकिणल्या. साहेबांनी पाण्याचा तांब्या सावरला.

"बघा," ठेकेदार म्हणाला, "काही फुटलं का?"

परवानगी मिळाली. मशिनं ओढ्यापर्यंत यायला लागली. भोंगा आता दिवसातून दोनदा होतो. जाण्यापूर्वी बाईने घरोघरी नव्या पट्ट्या लावल्या, दर सहा महिन्यांनी तपासणी आहे म्हणून. माझ्या दुकानासमोरून गेली, पण आत आली नाही.

मास्तर आणि ठेकेदार हल्ली एकमेकांशी बोलतात. माझ्याशी दोघंही बोलत नाहीत, फक्त काच न्यायला येतात.

ताई आली ती परवा. सभेचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. तिने फडकं उलगडून तुकडे टेबलावर ठेवले. मी नेहमीची वीतभर पट्टी मोजून काच कापायची हिऱ्याची लेखणी लावली, तर तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"या वेळी बोटभर लांब काप," ती म्हणाली. "तेवढी आता तड्याच्या पलीकडे पोचत नाही."

मी लांब कापली. कडा घासल्या, तिचा हात चिरू नये म्हणून.

"आणि तारीख नीट घाल. सभेत काढलंस म्हणे, तसलं अक्षर नको."

मी दिव्याजवळ सरकलो आणि नीट तारीख घातली, फोटोखाली घालतो तशी.