उधाणाच्या तारखा

“मॅडम, या पेटीचं पोट भरलंय. माझ्या बायोडाट्याला घासभर जागा नाय,” समीक्षा नमिताच्या कानाशी कुरकुरली. “गुरुवारी धाटावच्या कंपनीत द्यायचाय, आणि ही बसलीय जेवून सुस्त.”

पेणच्या त्या टायपिंग क्लासात टाइपरायटर सात आणि कॉम्प्युटर एकच. मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसानं काढून टाकलेला, क्लासच्या मालकांच्या मुलानं, मिथुननं, टेम्पोतून गोधडीत गुंडाळून आणलेला. नमितानं पाहिलं, जागा खरंच संपली होती.

“संध्याकाळी ये. कचरा काढून ठेवते.”

साडेअकराला मुली गेल्या. नमितानं पुढचं दार लोटून घेतलं आणि यंत्रापुढे बसली. कचरा कसला ते तिला ठाऊक होतं. काम चालू असताना प्रोग्राम बाजूला एक कच्ची नक्कल ठेवायचा आणि नीट बाहेर पडलं की आपणच ती पुसायचा. पण पेणात वीज काय कुणाला विचारून जाते? ती गेली की नक्कल राहायची तशीच. या नकलांचा मिथुननं एक वेगळा कप्पा केला होता, म्हणजे एका हुकमात सगळा रिकामा करता यावा. पुसण्याआधी यादी बघायची, हेही त्याचंच शिकवणं. तिनं यादी मागवली.

ओळी वर सरकू लागल्या. एक जानेवारी ऐंशी. एक जानेवारी ऐंशी. या यंत्राला स्वतःचं घड्याळ नव्हतं. चालू केलं की ते आधी तारीख विचारायचं, आणि मुली न बघता एंटर मारायच्या. मग त्याच्या लेखी रोज तोच दिवस. खरं तर नमितासुद्धा एंटरच मारायची. नेमानं तारीख घालणारा एकच जण होता, आणि तो अडीच वर्षांपूर्वी बांधावर गेला होता.

सगळे असंच म्हणायचे. मिथुन बांधावर गेलाय. आषाढातल्या उधाणात जित्याकडच्या त्याच्या गावाला खाडीच्या बांधाला खांड पडली, भलं भगदाडच. खांड पडली की घरटी एक माणूस चिखल टाकायला जातो, तिथं साहेब आणि गडी असा फरक नसतो. सांगावा आला तसा तो यंत्र चालू टाकून निघाला. खांड बुजली, माणसं परतली, त्याच्या चपला मिळाल्या. त्याच्या आईनं, शांतीकाकूनं, त्या धुऊन दारात ठेवल्या. अजून आहेत, आणि येणारेजाणारे त्यांना वळसा घालून आत जातात.

यादी सरकता सरकता मधेच एक ओळ वेगळी आली. तीस ऑक्टोबर त्र्याण्णव. मग तेरा नोव्हेंबर. एकोणतीस नोव्हेंबर. तेरा डिसेंबर.

नमिताचा हात थांबला. तिनं भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली. तीस ऑक्टोबर कोजागिरी. तेरा नोव्हेंबर दिवाळीतली अमावास्या. पुढं पौर्णिमा, पुढं पुन्हा अमावास्या. सगळे उधाणाचे दिवस. मागच्या वर्षीच्याही ओळी निघाल्या, एकही भरती चुकलेली नव्हती.

तिनं त्यातली एक उघडली. इंग्रजी अक्षरांतलं मराठी. चि. मिथुन आणि चि. सौ. कां. नमिता यांचा शुभविवाह, आणि पुढं तारखेची जागा रिकामी. दुसरी उघडली. तीच पत्रिका, तीच रिकामी जागा.

ही पत्रिका त्या दिवशी पडद्यावर अर्धी होती, हे तिला माहीत होतं. साखरपुड्याची हिरवी साडी ट्रंकेत होती. वरसे गावचे लोक आपल्या मुलासाठी, विशालसाठी, तिला दोनदा मागणी घालून गेले होते, उद्या तिसऱ्यांदा यायचे होते. नमिताची आई रोज म्हणायची, काय सांगू त्यांना? नमिता म्हणायची, मिथुनच्या वडलांना, दत्तूकाकांना विचारल्याशिवाय नाही. आणि विचारायचं म्हणजे कुणीच न उच्चारलेला तो शब्द तोंडातून काढायचा.

दिनदर्शिका हातातच होती. आज अठ्ठावीस डिसेंबर. पौर्णिमा. उधाणाची भरती भर दुपारी बाराला, आणि घड्याळात पावणेबारा.

मागच्या दारात किल्ली फिरली.

तिला दुसरं काही सुचलं नाही. यंत्र बंद करून ती माठाच्या आडोशाला जाऊन उभी राहिली.

आत आले ते दत्तूकाका. क्लासचे मालक. जन्म मिठागरात गेलेला, टाइपरायटरलाही कधी बोट न लावलेला माणूस. खुर्चीवरची धूळ त्यांनी टॉवेलनं झटकली आणि यंत्र चालू केलं. एका बोटानं, दर आकड्याला थांबत, तारीख घातली. मग पत्रिका उघडली आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले, एसटीच्या थांब्यावर बसावं तसे.

भरती चढून थबकायला लागतो तेवढा वेळ गेला. मग ते उठले आणि त्यांनी भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

“काका, तसं नाही बंद करायचं,” नमिता आडोशातून बाहेर आली. “त्यानंच कचरा होतो. आधी नीट बाहेर पडायचं असतं.”

ते दचकले नाहीत. “बाहेर पडायचं शिकवलं नाय त्यानं. चालू करायचं शिकवलं. तारीख आधी द्या म्हणाला. बाकीचं उद्या दाखवतो म्हणाला.”

नमितानं दोन कळा दाबून दाखवल्या. पडदा मोकळा झाला.

“एवढंच हाय?”

“एवढंच.”

तिनं पुसण्याचा हुकूम टाइप केला. यंत्रानं विचारलं, सगळ्या फाइली जातील, नक्की ना? हो असेल तर वाय.

“यात पत्रिका जाईल?”

“नाही. पत्रिका वेगळी आहे, ती राहील. या नुसत्या नकला.”

तिचं बोट वायवर होतं, पण खाली जाईना. काकांनी बाजूची खुर्ची ओढली.

“वरशाचे लोक उद्या यायचेत म्हणं.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुझी आय सोडून सगळ्यांनी.” ते जरासे हसले. “तू काय सांगनार?”

“तुम्ही सांगाल ते.”

“मी काय सांगू गो? अडीच वर्षं मी भरती बघून इथं येतोय. पाणी चढलं की वाटतं, आता आनून सोडील.” त्यांनी टॉवेल खांद्यावरून काढून मांडीवर घेतला, घडी केली, मोडली. “दाब, नमे. त्या चपला मी आज घरात घेतो. आपला मिथुन मेला.”