जंतू धरायचं जाळं

मित्रांनो, मी एक जुना तुकडा आहे, मासे धरायच्या जाळ्याचा. अंगणवाडीच्या दारात मी टांगलेला असतो आणि माझ्या पोटात साबण असतो. असलं सोपं काम करणाऱ्याला कसला हादरा बसणार, असं तुम्हांला वाटेल. बसला. अजून आठवलं की माझ्या गाठी आवळतात.

आरमोरीच्या बाजूला तळ्याकाठी आमचं गाव आहे. तिथल्या खुशालभाऊंनी अंगणात बसून मला विणलं. तळ्यात मला असं फेकत, की पाण्यावर मी गोल पसरायचो. मरळ सापडली की लोक खुशालभाऊंच्या आधी माझं कौतुक करायचे. पुढे बुडालेल्या खुंटात अडकून मी टरकन फाटलो आणि कुंपणावर जाऊन पडलो. कोंबड्यासुद्धा माझ्यावर बसायच्या!

अंगणवाडीच्या कुंताबाईंनी तिथून माझा एक तुकडा मागून नेला. पोरं हात न धुताच खिचडीवर तुटून पडत आणि बाई ओरडून थकत. मग त्यांनी एक युक्ती केली. तेलाच्या रिकाम्या कॅनला तोटी बसवली, शेजारी साबण घालून मला टांगलं आणि म्हणाल्या, "हे जंतू धराचं जाळं होय. हात चोळा, पाहा किती सापडतेत!"

झालं! कोळ्याच्या पोरांना आणखी काय हवं? जो तो मला धरून हात चोळू लागला.

"बाई, मले मरळीएवढा जंतू भेटला!"

"माह्या त निसटला, बाई!"

मीही फुगलो. खुशालभाऊंची लेक आचल तर पहिला नंबर सोडत नसे. पाचच वर्षांची, पण हात धुऊन झाल्यावर मला उलटसुलट करून न्याहाळायची. सापडलेले जंतू दिसत कसे नाहीत, हा तिचा प्रश्न होता.

एके सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. तिने माझी गाठ सोडली, साबण काढून ओट्यावर ठेवला आणि मला फ्रॉकखाली लपवून घराकडे धूम ठोकली. मी चक्रावलो. साबण टाकून मला एकट्याला कशाला नेते ही पोर?

घरात तिचा धाकटा भाऊ अतुल खाटेवर पडला होता. रात्रभर त्याला पातळ जुलाब होत होते. "दात येऊन राह्यले," असं म्हणून त्याची आई रुखमा पाणी आणायला गेली होती. आचलने मला त्याच्या उघड्या पोटावर पसरलं आणि शेजारी बसली, तळ्याकाठी तिचे बाबा बसतात तशी.

"चूप राय, अतुल. हालला का जंतू पळून जातीन."

मित्रांनो, मी सुन्न झालो. ते पोट माझ्याखाली खपाटीला गेलं होतं. पोर रडत होतं, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. माझी भोकं बोटभर रुंद! मी कसला जंतू धरणार? आणि मला ओरडताही येईना.

तिकडे अंगणवाडीच्या ओट्यावर नुसता साबण पाहून कुंताबाई तणतणत आल्या. खुशालभाऊंनीच जाळं परत नेलं, असं त्यांना वाटलं होतं. दारातच त्यांचे पाय थबकले.

आचल हळूच म्हणाली, "बाई, आतापर्यंत एकबी नाई सापडला."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांचाच शब्द त्या पोरीने खरा मानला होता. मग त्यांनी पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. पोराच्या अंगातलं पाणी आटलं होतं.

"आचल, पळ! साबण आण आणि माह्या टेबलावरची जुलाबाची मीठ-साखरेची पुडी आण!"

आचल वाऱ्यासारखी गेली आणि आली. बाईंनी आधी स्वतःचे हात धुतले, मग धावत आलेल्या रुखमाचे धुवायला लावले. पुडीचं पाणी चमच्याचमच्याने पोराच्या तोंडात जाऊ लागलं. खुशालभाऊ तळ्यावरून ओल्या कपड्यांनीच आले आणि फटफटीवर बसवून मायलेकरांना दवाखान्यात घेऊन गेले. आचल मला मुठीत घट्ट धरून दारात बसून राहिली. त्या दिवशी ती जेवलीही नाही.

अतुल वाचला. तो घरी परतला, त्या दिवशी कुंताबाईंनी पोरांना गोल बसवलं.

"माह्यंच चुकलं. हे जाळं जंतू नाई धरत. साबण त्याईले सुटे करते, पाणी वाहून नेते. जाळं पायजे त ते तुमच्या हाताचं. बोटांत बोटं घाला, विणा, आता ओढा!"

आता रोज तोटीखाली अशी जाळी विणली जातात. खेळ पहिल्याहून भारी रंगतो आणि हातही स्वच्छ होतात. आचल तर घरीसुद्धा सोडत नाही. अतुलला घास भरवायला आई बसली, की ही समोर उभी राहते.

"आई, जाळं विणलं काय?"

आणि रुखमा मुकाट्याने उठते.

मित्रांनो, माझं एवढंच ऐका. माझ्यातला साबण झिजला की नवा घाला आणि कॅन भरून ठेवा. मी नुसता टांगलेला दिसलो, म्हणून निर्धास्त राहू नका. रिकाम्या जाळ्यात काय सापडतं, ते मी अतुलच्या पोटावर पडून पाहिलं आहे.